इंग्लंडमधील लाकडी सांगाड्याचे जुने घर : रचना कशी ओळखावी आणि वाकडेपणा कधी घातक मानावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. केंट काउंटीच्या दक्षिण भागातल्या एका खेड्यात, पंधराव्या शतकातले म्हणून सांगितले जाणारे, लाकडी सांगाड्याचे घर विकत घेण्याचा आपला विचार आहे. घराच्या दोन्ही टोकांचे वरचे मजले रस्त्याच्या बाजूला पुढे आलेले आहेत आणि मधली भिंत त्यांच्यापेक्षा आत आहे. वरच्या मजल्यावरची जमीन एका बाजूला उतरती आहे, दारांच्या चौकटी काटकोनात नाहीत, माळ्यावरचे काही वासे काजळीने काळे झालेले आहेत आणि समोरच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आहे. हे घर जुन्या जहाजांच्या लाकडातून बांधले आहे, असे विक्री करणाऱ्या दलालाने आपल्याला सांगितले. घराचे वय खरे असेल का, ते सुरक्षित आहे का आणि ते घेण्यापूर्वी काय तपासावे, हे आपण विचारले आहे. घर न पाहता ते सुरक्षित असल्याचा निर्वाळा कोणीही देऊ नये आणि मीही देणार नाही. परंतु वर्णनावरून घराचा प्रकार स्पष्ट होतो आणि प्रकार कळला की कोठे पाहायचे हेही बरेचसे कळते.

हे 'वीलडन' प्रकारचे घर दिसते. केंट, ससेक्स आणि सरे या काउंट्यांमध्ये पसरलेल्या, एकेकाळी दाट रानाच्या असलेल्या वील्ड या पट्ट्यावरून हे नाव पडले. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत अशी घरे बांधली गेली, आणि ती सरदारांची नव्हेत तर हाती पैसा खेळू लागलेल्या शेतकऱ्यांची होती. घराच्या मध्यभागी जमिनीपासून थेट छपरापर्यंत उघडा असा मोठा दिवाणखाना, म्हणजे हॉल, असे. त्याच्या एका टोकाला मालकाच्या खाजगी खोल्या आणि दुसऱ्या टोकाला खाण्यापिण्याच्या वस्तूंची कोठारे असत. ही दोन्ही टोके दुमजली असत आणि त्यांचे वरचे मजले पुढे काढलेले असत. या तिन्ही भागांवर छप्पर मात्र एकच, सरळ रेषेत धावणारे. त्यामुळे मधल्या हॉलची भिंत आपोआप आत राहते, आणि तिच्यापुढे अधांतरी आलेल्या वळचणीला दोन्ही बाजूंच्या खांबांतून निघालेले कमानदार आधार पेलून धरतात. ते कमानदार आधार आपल्या घरात शिल्लक असतील, तर दलालाचा शतकाचा अंदाज बराचसा बरोबर असण्याची शक्यता आहे.

निर्णय घेण्यापूर्वी दोन घरे अवश्य पाहून यावीत. ससेक्समधल्या अल्फ्रिस्टन गावचे 'क्लर्जी हाउस' हे चौदाव्या शतकातले, गवताने शाकारलेले वीलडन घर आहे. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९६ मध्ये ते १० पौंडांना घेतले आणि ती त्या संस्थेने विकत घेतलेली पहिलीच इमारत ठरली. त्याच्या हॉलची जमीन खडूचा दगड ठोकून आणि वर आंबट दूध जिरवून केलेली आहे. दुसरे घर म्हणजे सिंगलटन येथील 'वील्ड अँड डाउनलँड' संग्रहालयातले 'बेलीफ'. ते मुळात केंटमधल्या चिडिंगस्टोन परिसरात उभे होते. बॉ बीच जलाशयाखाली जाणार म्हणून ते सुटे करून येथे पुन्हा उभारण्यात आले. त्याचा हॉल पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला आणि मालकाच्या खोल्यांचा भाग सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. तेथे धुराडे नाही, खिडक्यांना काचा नाहीत, आणि हॉलच्या मधोमध जमिनीवर आगटी आहे. आपल्या घरात नंतरच्या शतकांनी काय काय बदलले, हे बेलीफमध्ये अर्धा तास उभे राहिल्यावर जितके समजते तितके नकाशांवरून समजत नाही.

आता रचनेकडे येतो. माझी उमेदवारी पुण्यातल्या वाड्यांच्या दुरुस्तीत झाली, म्हणून मराठी वाचकाला सोयीचा असा एक फरक आधी सांगतो. वाड्यात सागवानी खांब आणि तुळया असतात, पण बाहेरच्या जाड भिंतीही आपापला भार उचलतात. या इंग्रजी घरात भिंत काहीही उचलत नाही. सगळा भार ओकच्या सांगाड्यावर असतो आणि खांबांच्या मधली जागा नुसती भरून काढलेली असते. साम्यही आहे : वाड्याप्रमाणे हे घरही खणांनी मोजले जाते. एका आडव्या चौकटीपासून पुढच्या चौकटीपर्यंत एक खण. हॉल बहुधा दोन खणांचा आणि टोकांना एकेक खण. घराची पाहणी करताना खोल्या मोजण्याऐवजी खण मोजले, तर कोणती भिंत मूळची आणि कोणती नंतर घातलेली, हे लगेच उलगडू लागते.

सांगाडा असा बसतो. जमिनीपासून थोड्या उंच दगडी किंवा विटांच्या जोत्यावर एक आडवे लाकूड टाकलेले असते; त्याला तळतुळई म्हणू. तिच्यावर खांब उभे राहतात. खांबांच्या माथ्यावरून घराच्या लांबीने धावणारी माथ्याची तुळई, आणि घराच्या रुंदीने समोरासमोरचे दोन खांब एकत्र बांधणारी ताणतुळई. ही तीन लाकडे, म्हणजे खांब, माथ्याची तुळई आणि ताणतुळई, जेथे एकत्र येतात तो सांधा या संपूर्ण बांधकामाचे मर्म आहे. खांबाचे वरचे टोक जाड ठेवलेले असते; त्यासाठी झाड उलटे उभे करून बुंध्याकडचा फुगीर भाग वर घेतलेला असतो. या जाड टोकावर दोन कुसवे, म्हणजे दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारी निमुळती टोके, काढलेली असतात. एक माथ्याच्या तुळईच्या खाचेत जाते, दुसरे त्याच्या मागून वर चढून ताणतुळईच्या खाचेत जाते. शिवाय ताणतुळईच्या खालच्या अंगाला, पारव्याच्या शेपटीसारख्या पसरत्या आकाराची खाच-जीभ करून ती माथ्याच्या तुळईवर बसवलेली असते. छपराचा रेटा भिंतींना बाहेर ढकलू पाहतो तेव्हा ही पसरती जीभ अधिक घट्ट अडकते. इंग्लंडच्या सुतारांनी तेराव्या शतकात हा सांधा पक्का केला आणि पुढे चारशेहून अधिक वर्षे तो फारसा बदलला नाही, कारण त्यात सुधारण्यासारखे थोडेच होते. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपल येथे तेराव्या शतकातली दोन प्रचंड धान्यकोठारे उभी आहेत. सुतारकाम त्या काळातही किती पुढे गेले होते, ते तेथे दिसते.

हे लाकूड ओले असतानाच घडवलेले असे. वाळलेला ओक इतका कठीण होतो की पटाशी आणि तासणी त्यावर चालवणे म्हणजे वेळ आणि हत्यारे दोन्ही वाया घालवणे. म्हणून झाड तोडल्यापासून बहुधा वर्षभराच्या आत लाकूड चौकोनी तासून, सांधे कापून, सांगाडा उभा राहत असे. त्यासाठी फार मोठी किंवा फार जुनी झाडे लागत नसत. सफक काउंटीतल्या एका जुन्या शेतघरात वनेतिहासाचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सुमारे ३३० झाडांचे लाकूड मोजले, आणि त्यातली निम्मी झाडे ९ इंचांहून कमी व्यासाची होती. जोपासलेल्या रानातून गरजेपुरते झाड निवडायचे आणि त्याला शक्य तितके कमी तासायचे, अशी पद्धत होती. तुळईच्या कडेला सालीलगतचा गोलावा तसाच राहिलेला दिसतो तो सुताराचा आळस नव्हे. त्या झाडातून तेवढेच निघत होते.

सांगाडा जागेवर नव्हे, सुताराच्या अंगणात आधी आडवा मांडून जुळवला जाई. प्रत्येक लाकूड त्याच्या शेजारच्या लाकडावर ठेवून सांधा त्या जोडीपुरता आखला जाई, म्हणून एका खांबाची जागा दुसऱ्या खांबाला चालत नसे. हे लक्षात ठेवण्यासाठी सांध्याच्या दोन्ही बाजूंना रोमन अंकांच्या खुणा कोरीत. त्यात चारसाठी चार सरळ रेघा आढळतात, कारण वजाबाकीचे रोमन अंक उलटसुलट वाचले जाण्याचा धोका होता. माळ्यावर विजेरी तिरपी धरून पाहिले तर वाशांवर आणि आधारांवर या खुणा दिसतील. त्या क्रमाने असतील तर छप्पर मूळचे आहे. मधलेच क्रमांक गायब असतील किंवा भलत्याच जागी असतील, तर तेथे कधीतरी फेरफार झाला आहे. मी कोणत्याही घरात गेलो की पहिला तास माळ्यावर घालवतो, कारण खाली प्रत्येक पिढीने काही ना काही झाकलेले असते आणि वर कोणाला काही झाकण्याची गरज वाटलेली नसते.

सांधे ओकच्या खुंट्यांनी पक्के केले जात. त्यात एक युक्ती असे. खाचेच्या लाकडातले भोक आणि कुसवातले भोक मुद्दाम किंचित सरकवून पाडायचे. निमुळती खुंटी ठोकली की ती कुसू आत ओढून घेते. पुढे लाकूड वाळून आकसते तरी सांधा सुटत नाही. पण लाकूड आकसते ते सगळीकडे सारखे नाही : लांबीत जवळजवळ नाही, जाडीत बरेच, आणि गाभ्याच्या आडव्या दिशेने विषम. त्यामुळे तुळया पिळवटतात, वाकतात, त्यांना लांबच लांब चिरा पडतात. नवख्या माणसाला या चिरा पाहून धडकी भरते. बहुतेक चिरा पहिल्या काही दशकांतच पडलेल्या आणि तेथेच थांबलेल्या असतात. भार लाकडाच्या लांबीने वाहत असल्यामुळे लांबीने गेलेली चीर तुळईला फारशी दुबळी करत नाही. आडवी किंवा तिरपी जाऊन कडेपर्यंत पोचलेली चीर मात्र वेगळी, आणि ती दिसली की तज्ज्ञाला बोलवावे.

आपल्या मुख्य काळजीचे उत्तर येथे आहे. घर वाकडे आहे यावरून ते धोक्यात आहे असे ठरत नाही. खुंट्यांनी जोडलेला हा सांगाडा बाजेसारखा आहे; एक पाय खचला तर बाज कलते, पण मोडत नाही, कारण प्रत्येक सांधा थोडा थोडा हलून भार वाटून घेतो. विचारायचे ते इतकेच, की ही हालचाल जुनी आहे की अजून चालू आहे. याची पुष्कळ साक्ष घरातच मिळते. चौकट कलली आहे, पण तिच्यातले सतराव्या किंवा अठराव्या शतकातले दार त्या कलाला बेतून तिरपे कापलेले आहे आणि आजही नीट लागते, असे असेल तर दार बसवले त्या वेळी चौकट कललेलीच होती आणि त्यानंतर हलली नाही. उलट, गेल्या काही वर्षांत दिलेल्या रंगात ताज्या चिरा असतील, दार अलीकडेच घासून बसवावे लागले असेल, खुंटी तुटून कुसू खाचेतून बाहेर आलेले दिसत असेल आणि उघडे पडलेले लाकूड स्वच्छ, धुळीविना असेल, तर हालचाल चालू आहे. संशय असल्यास भेगांवर मापनपट्ट्या बसवून किमान वर्षभर नोंदी ठेवाव्यात, कारण चिकणमातीच्या जमिनीवरची घरे उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात आपोआप थोडी खालीवर होतात.

आपल्या घरातली जमीन उतरती का झाली असावी, याची मला तीन कारणे संभवनीय वाटतात. पहिले, तळतुळई एका कोपऱ्यात कुजून दबली असेल. दुसरे, सोळाव्या-सतराव्या शतकात मध्ये घातलेले विटांचे अवजड धुराडे आणि त्याच्या शेजारचा हलका सांगाडा वेगवेगळ्या प्रमाणात खचले असतील. तिसरे आणि सर्वांत चिंतेचे कारण म्हणजे कोणीतरी ताणतुळई कापली असेल. वरच्या मजल्यावर ही तुळई बहुधा कमरेच्या किंवा छातीच्या उंचीला आडवी येते. एका खोलीतून दुसरीत जाण्यासाठी तिचा मधला तुकडा कापून दार काढण्याचा उद्योग अनेक घरांत झालेला आहे. ताणतुळई गेली की छपराचा रेटा अडवणारे काहीच उरत नाही आणि वरचा मजला हळूहळू बाहेर फाकू लागतो. म्हणून वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक दारात उभे राहून, डावी-उजवीकडे कापलेल्या तुळईची टोके दिसतात का ते पाहावे. खांब आणि तुळई यांच्यामधले कमानदार आधार काढून टाकलेले असतील, तर त्यांच्या रिकाम्या खाचा दिसतील. तीही गंभीर बाब आहे.

काळ्या वाशांविषयी आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे. हॉलमध्ये उघडी आगटी होती आणि धूर छपरात साचून कौलांच्या फटींतून किंवा छपराच्या टोकांशी ठेवलेल्या लहान त्रिकोणी झरोक्यांतून बाहेर पडत असे. त्यामुळे हॉलवरचे वासे शंभर-दीडशे वर्षांच्या काजळीने माखलेले असतात आणि टोकांच्या खणांवरचे स्वच्छ असतात. ही सीमारेषा कोणत्या चौकटीशी आहे ते पाहिले की हॉल किती खणांचा होता ते कळते. सगळे काळे वासे एकत्र आणि सलग असतील, तर छप्पर मूळचेच आहे. काळे आणि स्वच्छ वासे एकाआड एक मिसळलेले असतील, तर जुने लाकूड उतरवून पुन्हा वापरले आहे. एखादा अरुंद खण डांबरासारखा चकाकता काळा असेल, तर उघडी आगटी बंद झाल्यावर आणि विटांचे धुराडे येण्याआधी, तेवढ्याच जागेत धूर कोंडून वर सोडण्याची जी मधली व्यवस्था होती, तिची ती खूण आहे. ही काजळी कृपा करून पुसू नये. तिच्याइतका खात्रीचा पुरावा घरात दुसरा नाही.

त्याच ठिकाणी छपराची रचनाही पाहावी. आपल्याकडच्या कौलारू घरात वासे आढ्यावर टेकतात. या भागातल्या मध्ययुगीन छपरात आढेच नसते. वासे जोडीजोडीने एकमेकांना टेकतात आणि प्रत्येक जोडी मध्यावर एका आडव्या लाकडाने बांधलेली असते. या सर्व आडव्या लाकडांच्या खालून घराच्या लांबीने एक तुळई जाते, आणि तिला ताणतुळईच्या मधोमध उभा असलेला, चारी बाजूंना कमानदार हात फुटलेला एक लहान खांब पेलतो. त्याला 'क्राउन पोस्ट' म्हणतात. हॉलमधला क्राउन पोस्ट बहुधा अष्टकोनी घडवून त्याला नक्षीदार बैठक आणि माथा दिलेला असतो, कारण तो पाहुण्यांना दिसत असे. आज हॉलमध्ये मधला मजला घातलेला असल्यामुळे तो माळ्यावरच्या अडगळीत उभा असतो. दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये हा प्रकार साधारण १३०० पासून १५०० च्या आसपासपर्यंत प्रचलित होता, म्हणून तो सापडणे वयाच्या दृष्टीने चांगले लक्षण आहे.

हॉलमध्ये मजला आणि धुराडे घालण्याची लाट सोळाव्या शतकात आली. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचे पाद्री विल्यम हॅरिसन यांनी १५७७ मध्ये नोंदवले आहे की गावातल्या वृद्धांना त्यांच्या हयातीत झालेल्या ज्या तीन बदलांचे नवल वाटत होते, त्यांतला एक म्हणजे अलीकडे उभी राहिलेली असंख्य धुराडी. नंतर घातलेला मजला ओळखणे सोपे असते. टोकांच्या खणांतली मूळची मजल्याची लाकडे जाडीपेक्षा रुंदीने अधिक, चपटी टाकलेली असतात. पुढच्या काळातली हळूहळू उभ्या कडेवर येत जातात.

जहाजांच्या लाकडाबद्दल मात्र मला दलालाशी सहमत होता येत नाही. ही कथा इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात ऐकायला मिळते. तिचा उगम बहुधा तुळयांवरच्या रिकाम्या खाचांमध्ये आहे : पाहणाऱ्याला वाटते की हे लाकूड आधी दुसरीकडे काहीतरी होते. पण त्या खाचा काढून टाकलेल्या आधारांच्या, हलवलेल्या भिंतींच्या किंवा बिनकाचेच्या जुन्या खिडक्यांच्या असतात. त्या खिडक्यांचे चौकोनी गज कोनावर उभे बसवलेले असत, म्हणून खिडकीच्या तळच्या लाकडावर शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचांची रांग दिसते. पुनर्वापर झालेला असला तरी तो बहुधा जवळच्याच मोडलेल्या घराच्या लाकडाचा असतो. आसपास ओकचे रान असताना बंदरावरून मोडक्या जहाजाची लाकडे चिखलाच्या रस्त्यांनी वाहून आणण्याचे कोणालाही कारण नव्हते. जहाजाच्या लाकडाची खरी उदाहरणे आहेत, पण ती वेगळ्या जागी. केंटमध्येच चॅटमच्या जुन्या गोदीत एका कार्यशाळेच्या जमिनीखाली 'नामूर' या युद्धनौकेची लाकडे सापडली. आणि लंडनमधल्या लिबर्टी या दुकानाची ट्यूडर धाटणीची इमारत दोन युद्धनौकांच्या लाकडांतून बांधली गेली, पण ती १९२० च्या दशकात.

वयाचा पक्का पुरावा हवा असेल तर लाकडाच्या वार्षिक वलयांवरून काळ ठरवण्याची चाचणी करता येते. पेन्सिलएवढ्या जाडीचा नमुना काढून वलयांच्या रुंदीचा क्रम ज्ञात क्रमाशी जुळवतात. सालीपर्यंतचे लाकूड शिल्लक असेल तर झाड कोणत्या वर्षी, कधी कोणत्या ऋतूत तोडले तेही सांगता येते. साल गेली असेल पण बाहेरच्या कोवळ्या लाकडाची सुरुवात दिसत असेल तर काही दशकांचा पल्ला मिळतो. अडचण एवढीच की त्यासाठी पुरेशी वलये लागतात, आणि चांगल्या मातीत झपाट्याने वाढलेल्या ओकमध्ये ती नसतात. केंटमधल्या अनेक घरांत चाचणी याच कारणाने निष्फळ ठरते. खरेदीचा निर्णय तिच्यावर अवलंबून ठेवू नये.

समोरच्या सिमेंटच्या गिलाव्याकडे मात्र मी गांभीर्याने पाहीन. वाकड्या जमिनीपेक्षा मला त्याची अधिक भीती वाटते. मूळची भिंत म्हणजे कोकणातल्या माणसाला ओळखीचा असलेला कूडच. वरच्या लाकडातल्या भोकांत आणि खालच्या लाकडातल्या खोबणीत ओकच्या उभ्या काठ्या अडकवायच्या, त्यांत हेझल या झुडपाच्या लवचिक फांद्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी माती, गवताचे तुकडे आणि शेण यांचा लगदा थापायचा, वर चुन्याचा हात. ही भिंत पावसात थोडी भिजते आणि वाऱ्यात वाळते. ओकही तिच्याबरोबर हलतो. सिमेंट हलत नाही. सांगाडा ऋतूप्रमाणे हलला की लाकडाच्या कडेने केसाएवढी फट पडते, तिच्यातून पाणी आत जाते आणि बाहेर यायला वाट नसल्यामुळे खाली झिरपत तळतुळईवर साचते. बाहेरून भिंत कोरडी आणि टापटीप दिसते, आत तळतुळईचा भुगा झालेला असतो.

कुजलेल्या ओकवर डेथवॉच हा लाकूड पोखरणारा भुंगा येतो. सुदृढ, कोरड्या गाभ्यात त्याच्या अळीची प्रगती फार मंद असते. ओलाव्याने आणि बुरशीने मऊ झालेल्या लाकडात मात्र ती अनेक वर्षे खात राहते. तीनएक मिलिमीटर रुंदीची गोल भोके दिसली म्हणून घाबरू नये, ती शंभर वर्षांपूर्वीची असू शकतात. वसंत ऋतूत भोकांखाली ताजा भुगा पडलेला आढळला तर तो जिवंत प्रादुर्भाव. सगळ्या घरावर कीटकनाशक फवारण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. माझे मत असे की पाणी बंद करणे हाच उपचार आहे आणि फवारणी हा बहुतेक वेळा फवारणाऱ्याच्या लाभाचा उपचार आहे. तसेच जुन्या भिंतीत रसायन टोचून ओल अडवण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा. ओल मोजण्याच्या हातातल्या विद्युत यंत्राचे आकडे क्षारयुक्त गिलाव्यावर आणि जुन्या ओकवर फसवे येतात, आणि अशा आकड्यांवर ते प्रस्ताव उभे असतात.

दुरुस्तीचे तत्त्व इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली तेव्हापासून चर्चेत आहे, आणि कामाच्या जागी त्याचा अर्थ सरळ आहे : कुजले तेवढेच काढावे. खांबाचा पाय गेला असेल तर निरोगी लाकडापर्यंत कापून तिरपा, कुलूपबंद सांधा करून नव्या ओकचा तुकडा जोडावा. तळतुळई टप्प्याटप्प्याने, वरचा सांगाडा टेकूंवर घेऊन, बदलावी. सांगाडा जॅकने उचलून सरळ करण्याचा मोह टाळावा. पाचशे वर्षांत एकमेकांना सांभाळून घेतलेले सांधे जबरदस्तीने सरळ केले की तुटतात. गिलावा काढल्यावर भिंतीतली जुनी माती फेकू नये, भिजवून मळली की तीच पुन्हा थापता येते.

कायद्याची बाजू दुर्लक्षू नये. इतके जुने घर जवळजवळ निश्चितपणे संरक्षित वास्तूंच्या यादीत असते, बहुधा दुसऱ्या श्रेणीत. हे संरक्षण आतल्या भागालाही लागू असते. जुनी अंतर्गत भिंत काढणे, दार बदलणे, सांगाड्याचे लाकूड बदलणे यांसाठी स्थानिक नियोजन खात्याची लेखी संमती लागते आणि विनासंमती काम करणे हा फौजदारी गुन्हा आहे. खरेदीदाराच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे हे की आधीच्या मालकाने विनासंमती केलेले काम पूर्ववत करण्याची नोटीस सध्याच्या मालकावर येऊ शकते आणि तिला कालमर्यादा नाही. तो सिमेंटचा गिलावा, कापलेली ताणतुळई, नवी खिडकी यांपैकी जे जे यादीत नोंद झाल्यानंतरचे असेल, त्याच्या संमतीची कागदपत्रे आपल्या वकिलाने मागावीत.

तुळयांवरचा काळा रंग काढावा का, असेही आपण शेवटी विचारले आहे. काळ्या-पांढऱ्या घराचे जे चित्र आज सर्वत्र दिसते ते बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकाच्या आवडीतून आले आहे. केंटमध्ये ओक बहुधा तसाच सोडला जाई आणि तो रुपेरी करडा होई, किंवा भिंतीबरोबर त्यालाही चुन्याचा हात मिळे. म्हणून काळा रंग काढण्यात ऐतिहासिक अन्याय नाही, पण वाळूचा मारा करून तो कधीही काढू नये. त्याने लाकडाचा वरचा थर, तासणीचे वळ आणि सुताराच्या खुणा एकदम जातात. रंग पाणी कोंडून धरत नसेल तर उन्हापावसाला त्याचे काम करू द्यावे.

खरेदीपूर्वीची पाहणी संवर्धनाचे प्रमाणपत्र असलेल्या सर्वेक्षकाकडून करून घ्यावी. कर्ज देणाऱ्या बँकेची पाहणी या कामी पुरत नाही. सर्वेक्षकाला तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत विचाराव्यात : सर्व ताणतुळया अखंड आहेत का, बाहेरची जमीन किंवा फरशी कालांतराने तळतुळईच्या पातळीपर्यंत चढली आहे का, आणि सिमेंटच्या गिलाव्यामागे लाकडाची अवस्था काय आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाहेरून मिळत नाही. घराच्या आतून, एखाद्या कपाटाच्या मागे किंवा जिन्याखाली तळतुळई उघडी असते. तेथे विक्रेत्याची परवानगी घेऊन बारीक गिरमिटाने छिद्र पाडून पाहता येते. भुगा कोरडा, तांबूस आणि टणक निघाला तर ठीक. गिरमिट प्रतिकाराविना आत गेले, तर समोरच्या भिंतीची संपूर्ण तळतुळई बदलावी लागेल असे धरून तिचा खर्च किमतीच्या बोलण्यात आधीच घालावा.